वाटेतला श्वास: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या स्थलांतराविषयी प्रस्तावना

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यात बाळ जन्माला आले, तर त्याला वाचवू शकणारी खाट गावात नसते. ती सांगली-मिरजेला असते, नाहीतर कराडला. पलूस, भिलवडी, वसगडे, नांद्रे या वाटेने सांगली चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मिरज आणखी पुढे. उलट दिशेला ताकारी, शेणोली करत कराड साधारण पस्तीस. धडधाकट माणूस हे अंतर गप्पा मारत कापतो. किलोभर वजनाच्या, फुप्फुसे अर्धवट तयार झालेल्या बाळाचा मात्र याच तासाभरात निकाल लागतो. या तासाभराचे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि त्याची ओळख मराठीतून करून घेणाऱ्यांसाठी ही पाने आहेत.

वाचणाऱ्यांत १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर असतील, लेबर रूममधल्या सिस्टर असतील, मिरज-कराडचे वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी असतील, एखादी आशाताईही असेल. सगळ्यांचे मनापासून स्वागत. महागडे व्हेंटिलेटर आणि मोठ्या पदव्या असल्याशिवाय या विषयाला हात घालता येत नाही, असा धाक घेऊन कोणी आले असेल तर तो इथेच ठेवावा. यातले बहुतेक काम हाताने करायचे, डोळ्यांनी पाहायचे आणि घड्याळ लावून मोजायचे आहे. अवघड आहे ते एवढेच, की त्यातली एकही कडी सुटून चालत नाही. श्वासाचा आधार बाळाच्या जन्माआधी सुरू होतो आणि मोठ्या रुग्णालयातल्या खाटेपर्यंत तो अखंड न्यावा लागतो. प्रवास म्हणजे दोन उपचारांमधली मोकळी जागा नव्हे, प्रवास हाच उपचार आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हीच धारणा आहे.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. फुप्फुसात हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांना आतून ओलसर अस्तर असते आणि त्या ओलाव्याचा पृष्ठताण पिशवी मिटवू पाहतो. पिशवी जितकी लहान, तितकी ही ओढ जास्त. पूर्ण दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ हा ताण मोडतो, म्हणून श्वास सोडल्यावरही पिशव्या थोड्या उघड्या राहतात. तो तयार करणाऱ्या पेशी साधारण चोविसाव्या आठवड्यापासून कामाला लागतात. पुरेसा साठा व्हायला मात्र चौतीस-पस्तीस आठवडे जावे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पिशव्या प्रत्येक श्वासानंतर मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पहिल्यापासून उघडाव्या लागतात. मिनिटाला साठ-सत्तर वेळा हे कष्ट करणारे बाळ काही तासांत थकते, आणि मग श्वास थांबू लागतो.

सातव्या महिन्याचे बाळ जगते, आठव्याचे जगत नाही, असे आपल्याकडे आजही घराघरांत म्हटले जाते. फुप्फुसाचा हिशेब नेमका उलटा आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन आलेल्या सासूबाईंना हे शांतपणे समजावणे हीसुद्धा या शास्त्रातलीच गोष्ट आहे, कारण ज्या घराने आशा सोडली ते घर गाडी यायची वाट पाहत नाही.

बाळ स्वतः या अडचणीवर एक उपाय करते. श्वास सोडताना ते स्वरयंत्र अर्धवट मिटून घेते. हवा अडते, आत थोडा दाब टिकतो, पिशव्या पुरत्या मिटत नाहीत. त्या अडलेल्या हवेचा आवाज कण्हल्यासारखा येतो. घरातली माणसे 'बाळ कुंथतंय' म्हणतात आणि पोटात दुखत असेल म्हणून ओवा-हिंगाचा विचार करतात. त्याच वेळी नाकपुड्या फुलताना दिसतात, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, छाती खाली जाते तेव्हा पोट वर येते. विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांनी १९५६ मध्ये अशा पाच खुणांना गुण देण्याची पद्धत मांडली. तिला ना वीज लागते ना यंत्र, आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. नव्याने शिकणाऱ्याने एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून बाळगावी. कण्हणारे बाळ अचानक शांत झाले तर दिलासा मानू नये. ते सुधारले असेल किंवा दमून त्याने प्रयत्न सोडले असतील. रंग, ठोके आणि श्वासांची संख्या पाहिल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

या आजाराचे कारण कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले की या आजाराने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत पृष्ठताण कमी करणारा पदार्थच पुरेसा नव्हता. चारच वर्षांनी, ७ ऑगस्ट १९६३ रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक केप कॉडजवळच्या ओटिस हवाई तळावरच्या रुग्णालयात सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होते. त्याला रुग्णवाहिकेने बोस्टनला नेले. जगातली सगळी साधने हाताशी असूनही ३९ तासांत तो गेला. त्या प्रवासात त्याला देता येईल असा श्वासाचा योग्य आधार तेव्हा कोणाकडेच नव्हता. तो सापडला १९७१ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी बाळाच्या श्वासमार्गात सतत सौम्य दाब ठेवून पाहिला. बाळ कण्हून जे करत होते तेच त्यांनी बाहेरून केले. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी सर्फॅक्टंट थेट फुप्फुसात सोडून बाळे सुधारल्याचे प्रसिद्ध केले. सतत दाबाच्या त्या पद्धतीला जगभर सीपॅप म्हणतात. आपल्या एसएनसीयूमधल्या, म्हणजे आजारी नवजातांच्या विशेष कक्षातल्या, सिस्टरही तोच शब्द वापरतात, म्हणून इथेही तोच ठेवला आहे.

सीपॅपचा दाब किती असतो? पाण्याचा पाच ते आठ सेंटिमीटर. हे माप वैद्यकाबाहेरच्या माणसाला परके वाटेल, पण कुंडलच्या माणसाला वाटू नये. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून आज पंपांसाठी ओळखला जाणारा कारखाना आहे आणि तिथल्या रेल्वे स्टेशनचे मूळ नाव कुंडल रोड. कृष्णेचे पाणी उपसून माळावर नेणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला पंप घेताना 'हेड किती मीटर' हे विचारावे लागते. दाब म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. बाळाचे हेड मीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये मोजायचे, एवढाच फरक. बबल सीपॅपमध्ये बाळाच्या नाकातून परत येणारी नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवतात. हवा त्या पाण्याला सारून बुडबुड्यांनी बाहेर पडते, म्हणजे नळीत आणि फुप्फुसात तेवढा दाब कायम राहिला. नळी आणखी एक सेंटिमीटर खाली सरकवली की दाब तेवढाच वाढतो.

हे प्रत्यक्ष लावताना काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. नाकात बसणाऱ्या दोन आखूड नळ्या, ज्यांना प्रॉन्ग म्हणतात, त्या नाकपुडी भरतील पण ताणणार नाहीत अशा मापाच्या निवडायच्या. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर त्या टेकता कामा नयेत. मध्ये थोडी फट दिसली पाहिजे, नाहीतर काही तासांत तिथली कातडी काळी पडते. नळ्या टोपीला बांधायच्या, म्हणून टोपी कपाळावर घट्ट बसणारी हवी. तोंडातून एक बारीक नळी पोटात टाकून उघडी ठेवायची, म्हणजे गिळलेली हवा बाहेर पडते आणि फुगलेले पोट फुप्फुसाला दाबत नाही. मग बाटलीकडे पाहायचे. बुडबुडे थांबले, तर हवा कुठेतरी गळते आहे. बहुतेक वेळा बाळाने तोंड उघडलेले असते. हनुवटीला हलका आधार दिला की बुडबुडे परत येतात.

वॉर्डात हे सारे स्थिर असते, गाडीत नसते. गतिरोधकावर बाटली हिंदकळते, पाणी सांडते, पातळी बदलते, म्हणजे दाबही बदलतो. बांधलेली टोपी धक्क्याने सरकते, प्रॉन्ग निघतात, आणि गाडीच्या आवाजात ते कळतही नाही. म्हणून प्रवासात पाण्याच्या बाटलीऐवजी ठरावीक दाब देणारा टी-पीस, छोटा ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर किंवा याच कामासाठी घडवलेले बॅटरीवरचे यंत्र वापरणे बरे. आपल्या देशातही असे काम झाले आहे. बंगळुरूमध्ये नितेश कुमार जांगिड आणि सहकाऱ्यांनी 'सांस' नावाचे सुटसुटीत सीपॅप यंत्र घडवले. ते विजेवर, बॅटरीवर, सिलिंडरच्या हवेवर आणि वेळ पडल्यास हाताने हवा भरूनही चालते. मलावीत माशांच्या टाकीचे पंप वापरून केलेल्या 'पुमानी' यंत्राचा अनुभव २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लँटायरच्या रुग्णालयात श्वासाचा तीव्र त्रास असलेल्या नवजातांपैकी नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के जगली होती, सीपॅपवर ७१ टक्के. या आकड्यांमुळे साधेपणाला शास्त्रात प्रतिष्ठा मिळाली, असे मला वाटते.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊनच करावा. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात साधारण १५०० लिटर वायू असतो. टी-पीसला मिनिटाला दहा लिटर दिले तर तो १५० मिनिटे पुरतो. कुंडलहून सांगलीला सव्वा तास धरला, तर नियम असा की लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा हवा: पुन्हा १५० मिनिटे. म्हणजे भरलेला सिलिंडर जेमतेम पुरेल. अर्धा असेल तर बाळाला गाडीत चढवायच्या आधीच दुसरा आणायला हवा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकून सव्वा तासाचे दोन तास होतात, ते याच दुपटीत बसवायचे असते.

आणि ऑक्सिजन कमी पडणे हा एकच धोका नाही. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची जगवलेली बाळे आंधळी होऊ लागली आणि कारण सापडायला बरीच वर्षे गेली: पेटीत सढळ हाताने दिलेला ऑक्सिजन. डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या त्याने वेड्यावाकड्या वाढतात. आज बोटाला किंवा तळव्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य धरतात. ऑक्सिजन चालू असताना आकडा ९९ किंवा १०० दिसला की घरच्यांना बरे वाटते. शिकलेल्याने मात्र त्याच क्षणी ऑक्सिजन कमी करायला हवा. ज्या गाडीत हवा आणि ऑक्सिजन मिसळण्याची सोय नाही, तिथे बाळाला शुद्ध ऑक्सिजनच मिळत राहतो. रुग्णवाहिकेत ब्लेंडर असावा हा आग्रह त्यासाठी आहे, आणि तो धरावा.

थंडीबद्दल थोडक्यात, कारण पुढे त्यावर पूर्ण प्रकरण आहे. गारठलेले बाळ जास्त ऑक्सिजन जाळते आणि त्याचा श्वास अधिक बिघडतो. अमेरिकेतल्या २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात दाखल होतानाचे तापमान एक अंशाने कमी म्हणजे मृत्यूचा संभव २८ टक्क्यांनी जास्त, असा संबंध दिसला. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाला पुसत न बसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपचार. ज्याला श्वासाचा फार त्रास नाही असे बाळ आईच्या किंवा मावशीच्या छातीशी, कांगारू पद्धतीने, उबदार नेता येते. दिल्लीच्या एन. बी. माथुर यांनी स्थलांतरित बाळांसाठी तापमान, ऑक्सिजन, रक्ताभिसरण आणि साखर या चारच गोष्टींवर बेतलेली 'टॉप्स' गुणपद्धती मांडली. निघताना आणि पोहोचल्यावर हे चार आकडे लिहिले तर प्रवासाने बाळाचे काय केले ते कागदावर उरते.

आता जन्माआधीची कडी. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले की अकाली कळा आलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात. भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चोवीस ते चौतीस आठवड्यांत डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी द्यायचे. पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस एएनएमही देऊ शकते. इतके स्पष्ट असताना २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीने सगळ्यांना थबकायला लावले. सहा देशांत, सुमारे एक लाख जन्मांवर झालेल्या या चाचणीची भारतातली केंद्रे आपल्या ओळखीची आहेत: बेळगाव आणि नागपूर. गावपातळीवर हे इंजेक्शन सर्रास वापरल्यावर लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. मग जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत नवी चाचणी घेतली. त्यातही बेळगाव होते. या वेळी आठवडे सोनोग्राफीने पक्के केलेले होते आणि जन्म अशा रुग्णालयांत होत होते जिथे बाळाला श्वासाचा आधार मिळत होता. २०२० चा निकाल: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर.

औषध तेच होते. एका ठिकाणी दिवसांचा अंदाज चुकत होता आणि पुढची कडी नव्हती. दुसरीकडे पक्का अंदाज आणि पुढची कडी, दोन्ही होते. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने या दोन चाचण्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. एकटा उपचार, कितीही चांगला असला तरी, साखळीबाहेर काय करतो ते त्यांतून जितके लख्ख दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

कुंडलमध्ये हे पुस्तकी राहत नाही. दिवाळीच्या सुमारास क्रांती साखर कारखान्याच्या गळितासाठी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. कोयत्यावर आलेल्या बाईचे दिवस किती गेले हे सांगणारे माता-बाल संरक्षण कार्ड बहुधा गावी राहिलेले असते. पहाटेपासून मोळ्या उचलणारी ही बाई कळा सुरू झाल्यावरही उशिरा येते, कारण खाडा परवडत नाही. तिचे आठवडे अठ्ठावीस की चौतीस, यावर स्टेरॉइड, गाडी आणि रुग्णालय हे तिन्ही निर्णय ठरायचे असतात. हंगाम सुरू होताच फडावर जाऊन तिथल्या गरोदर बायकांची यादी करणे आणि जमेल तिथे सोनोग्राफी करून घेणे, हे आशाताईचे काम श्वासाच्या आधारातली पहिली कडी आहे. ते काम वरवरचे समजणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत.

शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईला हलवावे. इंग्लंडमधल्या बाळांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मून पहिल्या दोन दिवसांत हलवलेल्या बाळांत मेंदूतल्या गंभीर इजांचे प्रमाण, मोठ्या केंद्रातच जन्मलेल्यांपेक्षा जास्त आढळले. पण जी बाळे लहान रुग्णालयातच राहिली त्यांच्यात मृत्यू अधिक होते. म्हणजे उशीर झाला तरी हलवणे चुकीचे नाही. आधी हलवणे अधिक बरोबर. कृष्णेच्या पुराने हा धडा निराळ्या तऱ्हेने दिला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पलूस तालुक्यातले नदीकाठचे रस्ते पाण्याखाली गेले. पुराचा इशारा आला की दिवस भरत आलेल्या आणि जोखमीच्या गरोदर बायकांना कोरड्या वाटेने आधीच पुढे नेणे हीसुद्धा रुग्णवाहिकेचीच योजना समजायला हवी.

कुठे न्यायचे? कुंडल पूर्वी औंध संस्थानात. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ च्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. म्हणून सरकारी कागद सांगलीकडे बोट दाखवतात, रस्ता मात्र कराडकडे थोडा आखूड आहे. मिरजेची वैद्यकीची परंपरा १८९४ च्या वानलेस रुग्णालयापासूनची, तिथले शासकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडलाही मोठे शिक्षण-रुग्णालय आहे. बाळाला जिल्हा नसतो. जिथे या क्षणी मोकळी खाट, सीपॅप आणि सर्फॅक्टंट आहे तिथे न्यायचे, आणि ते फोन करून निघण्यापूर्वी विचारायचे. खाट नाही म्हणून एका दारातून दुसऱ्या दारात फिरलेल्या बाळाच्या सिलिंडरचा हिशेब कोणीच केलेला नसतो.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली: २३३ प्रगत, ७०४ मूलभूत, आणि प्रत्येकीत डॉक्टर. हे मोठे काम आहे. मात्र ही गाडी अपघाताच्या, हृदयविकाराच्या, प्रसूतीच्या अशा सगळ्याच रुग्णांची. किलोभराच्या बाळाला लागणारी नळी, मास्क आणि प्रॉन्ग वेगळ्या मापाची असतात आणि त्यांची पिशवी वेगळीच तपासून ठेवावी लागते. गाडीच्या पायलटलाही, म्हणजे चालकालाही, या संघात धरावे. वेगापेक्षा सलग, बिनधक्क्याची चाल बाळाला हवी असते, आणि प्रॉन्ग निघाले किंवा ठोके घसरले तर गाडी बाजूला थांबवूनच हात लावायचा, हे त्याच्याशी आधी ठरलेले असावे.

या क्षेत्रात अजून करण्यासारखे खूप आहे, आणि बरेचसे इथेच, तालुक्याच्या ठिकाणी बसून करता येईल. निघतानाचे आणि पोहोचल्याचे तापमान किती बाळांचे लिहिले जाते? गळिताच्या महिन्यांत प्रवासाला किती जादा वेळ लागतो? सीपॅपवर निघालेल्या किती बाळांचा आधार वाटेत सुटला, आणि किती मिनिटांसाठी? वाटेत ऑक्सिजन चालू असताना किती बाळांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा ९५ च्या वर राहिला, आणि त्यांच्या डोळ्यांची तपासणी पुढे झाली का? एक वही, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर आणि वर्षभराची चिकाटी एवढ्यावर यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. पहिले प्रकरण श्वास मोजण्याचे आहे: पूर्ण एक मिनिट, छाती उघडी ठेवून, चांगल्या उजेडात. ते एखाद्या शांत झोपलेल्या, पूर्ण दिवसांच्या बाळावर करून पाहावे आणि मगच दुसऱ्याकडे वळावे.